लिंबाखालचा दिवा

जालन्यात, रोलिंग मिलच्या मागच्या अंगाला
आमच्या गल्लीला नाव नाही.
रिक्षावाल्याला सांगायचं, लिंबापासून आत.
झाड एकच आहे,
त्यामुळे चूक होत नाही.

मे महिन्यात सावली सरकते
तशा आम्ही बाजा सरकवतो.
अकराला नसीमबीच्या दाराशी,
एकला पंक्चरवाल्याच्या टपरीला टेकून,
चारला ती रस्ता ओलांडून पलीकडं जाते.
तिच्या मागं जायचं नाही, पोरांना बजावलेलं.
रस्त्यानं सळयांचे ट्रक येतात,
शेपटाला लाल चिंधी,
आणि सळया चिंधीच्याही पुढं लोंबलेल्या.

खोडावर हातभर साल नाही.
दोन वर्षांमागं ब्रेक गेलेला ट्रक तिथं येऊन थांबला.
खोडाच्या अलीकडं नळाची रांग होती.
कधीमधी मी प्रतीक्षाला त्या खुणेपाशी उभी करते.
तेव्हा कपाळाला लागायची,
आता छातीशी आली.

दिवाही आलाय, दिवाळीपासून.
दैवशालाच्या सातव्या अर्जावर.
पण खांब लिंबाच्या कुशीत.
उजेड सगळा फांद्यांतच,
कावळ्यांना रात्रभर दिवस.
खाली अठरा पावलं अंधार.
मोजलीत मी, बियाणं निवडून दुसऱ्या पाळीची परत येताना.
अठरा पावलं फोन कानाला लावून
कुणाशीच नाही,
मोठ्यानं बोलत यायचं:
हां, आलेच, दारातच आहे.

मग नगरपालिकेची माणसं आली, करवत घेऊन.
"उजेड पाहिजे का झाड? एक काहीतरी सांगा."
"कामून एक?" दैवशाला म्हणाली,
"दोन्ही मपलंच हाय."
बाकी सगळ्या गप्प.
मीही.
खरं सांगते, माझ्या तोंडात उजेड आला होता.
तेवढ्यात नसीमबीनं बाज ओढली,
खोडाला लावली,
आणि तिच्यावर बसून तांदूळ निवडायला लागली.

लहू वेल्डर मान वर करून बघत होता कधीचा.
"साहेब, दिवाच खाली घ्या की. फांदीच्या खाली."
"इस्टिमेटमध्ये नाही."
करवत टेम्पोत गेली.
रविवारी लहूनं मिलमधल्या तुकड्याचा हात जोडला,
कोपरापाशी वाकवलेला,
जसा आपण अंधारात कंदील धरतो तसा.
वायरमननं तार ओढून दिली, चहा प्याला,
आणि कुणी विचारलं तर मी आलोच नव्हतो म्हणाला.

ट्रक येतात तसेच.
गतिरोधकाचा अर्ज दैवशालानं काल दिला,
पोच घेतली,
पोचेवर शिक्का पुसट आहे म्हणून परत गेली.

काल रात्री फोन पिशवीतच राहिला.
नवव्या की दहाव्या पावलाला आठवलं
की मोजायचं राहिलं.
रस्ताभर पिकल्या लिंबोळ्या पडलेल्या.
दिसत होत्या,
म्हणून त्यांच्या कडेनं गेले.