आघात

सांतिनेजला, बेकरीच्या वरच्या खोलीत,
एर्मेलिंदा मिस रबरबँड वाटते,
खालच्या फार्मसीतून मूठभर मागून आणलेले.
"शब्दात एकच जागा ताणायची," म्हणते.
"बाकीच्या सोडून द्यायच्या. सैल. जवळजवळ मेलेल्या."

आम्ही अकरा जण.
क्रूझवर चढू पाहणारा एक आचारी, कळंगुटच्या दोघी,
आणि मी, चोडणची, मराठी शाळेतली,
जिथे बाईंनी प्रत्येक अक्षराला
वेगळं पान मांडायला शिकवलं होतं.

हो-टेल, मी म्हणते. दोघांना सारखंच वाढून.
"ह-टेल," मिसचा रबर लांब होतो.
"पहिलं नुसतं दार उघडतं गं. आत येतं ते दुसरं."

वहीत लिहून घेतलं : स्ट्रेस म्हणजे आघात.
शब्दकोशातही तसंच आहे.
आमच्या घरी हा शब्द एकदाच आला होता,
पंचायतीच्या पत्रात,
बाबांच्या नावाखाली दोन ओळी सोडून.

बाबा फेरीबोटीवर खलाशी.
रायबंदर, चोडण, रायबंदर, चोडण.
"टेंपो मदीं घे! स्कुटरी फाटल्यान!"
वजन कुठे ठेवायचं ते त्यांना न मोजता कळायचं.
एक गाडी चुकीच्या कडेला उभी राहिली
की मांडवी कानाशी येऊन बोलते, म्हणायचे.

फोटोग्राफ : वजन नाळेवर.
फटॉग्रफर : दुसऱ्या रांगेत.
फोटग्रॅफिक : त्याच्याही मागे, साखळीच्या अलीकडे.
एवढ्या गाड्या हलवल्या,
शब्द काही बुडाला नाही.

ऑब्जेक्ट पुढे जड असला तर वस्तू.
मागे जड झाला तर तीच वस्तू हरकत घेते.
हे मी कठड्याला टेकून म्हणत राहिले,
पुढे, मागे, पुढे, मागे,
इंजिनाच्या धडधडीत कुणाला ऐकू जाणार नाही म्हणून.
पाटी घेऊन बसलेली मासळीवाली म्हणाली,
"कोणाक गाळी संवता गो?"

मुलाखतीत मॅनेजरने अर्जावरून नाव वाचलं.
हेमांगिनी.
त्यातला "मां" त्याने नीट उचलला,
"हे" आणि "गि" चिरडले,
शेवटची "नी" तर त्याच्या टायखाली कुठे गेली
कळलंच नाही.
"बरोबर ना?"

त्यानं त्याच्या भाषेत काहीच चुकवलं नव्हतं.
मिसने पाठ थोपटली असती त्याची.
मी खिशातला रबर बोटाला गुंडाळला,
बोट पांढरं होईपर्यंत.
"चारही म्हणायची, सर," मी म्हटलं. "सारखी."
मला वाटतं, माझा आवाज
बहुतेक शेवटच्या शब्दावर पडला.

"कळवतो" म्हणाले.
त्यातलं वजन कुठल्या अक्षरावर होतं
ते मी अजून ठरवतेय.

परतताना शेवटची फेरी.
ना टेंपो, ना स्कूटर, एक झोपलेला कुत्रा
आणि मी साखळीजवळ.
नवा खलाशी पोरगाच आहे, मिसरूड न फुटलेला.
त्याने बोटभर पाणी पाहिलं, मला पाहिलं,
आणि हात हलवला :
"मदीं राव."