फुटाला एक सूत

माझ्याकडे एक पट्टी आहे, ती खोटं बोलते.
फूट म्हणते, आणि असते फुटाहून एक सूत जास्त.
शहापूरच्या पेठेत हिनं कापड मोजलं
तर दुकानदार बुडेल.
उद्यमबागेत हिच्यावाचून दिवस निघत नाही.
ओतलेलं बीड निवताना आकसतं,
म्हणून लाकडाचा नमुना आधीच थोरला करायचा,
अजून न झालेल्या थंडीच्या मापानं.
सदतीस वर्षं मी हेच करतोय
आणि मला भविष्य कुणी विचारलं नव्हतं.

परवा सुट्टीदिवशी त्रिशलानं विचारलं.
अकिवाटे शेठच्या भावाची मुलगी,
पुण्याची नोकरी सोडून आलेली.
भट्टी गार. पत्र्यावर कावळ्यांची नखं.
तिनं साच्याची वाळू फावड्यानं सारखी केली,
बोटानं एक आडवी, एक उभी रेघ ओढली.
चार चौकोन.

"काका, आडवी म्हणजे डिझेल इंजिन,
इकडं राहतंय, तिकडं जातंय.
उभी म्हणजे आपली माणसं,
इकडं थांबतात, तिकडं गोव्याला.
आता एकेका चौकोनात उभं राहायचं
आणि तिथनं सांगायचं,
सकाळी आठच्या भोंग्याला काय दिसतंय."

शेठ हसले. "चार उद्या कशाला?
बँकेत दाखवायला एक पुरे."
मोठ्या भट्टीचं कोटेशन त्यांच्या खिशात होतं,
उघडून मिटून मऊ पडलेलं.

निंगाप्पा बडिगेर "नोडोण" म्हणाला
आणि चपलांसकट सगळ्यात वाईट चौकोनात शिरला.
इंजिन नाही, माणसंही नाहीत.
थोडा वेळ उभा राहिला.
"हितं गार लागूलंय की."
मग कुणी हसलं नाही.

आमच्या भागात उद्या म्हणजे तारीख.
माझा बाप तारखेची वाट बघत गेला.
एकच उद्या होता त्याच्याकडे,
ट्रंकेत घडी घातलेला,
वर्षातनं एकदा ऊन दाखवलेला.
तो चुकीचा होता असं मी म्हणणार नाही.
एकटा होता.
त्याच्या शेजारी दुसरा उभा करणं
आम्हाला फितुरी वाटायची.
मी कानडी अक्षरं चाळिशीत गिरवली,
लाईट बिल वाचता येईना म्हणून.

मी गेलो तो चौकोन: इंजिन गेलंय, माणसं आहेत.
तिथं माझं रॅक दिसलं.
फ्लायव्हील, सिलिंडर हेड, शेंदरी रंगाचे अडीचशे नमुने,
कुणी मागायला येत नाही.
खाली निंगाप्पाचा पोरगा, हात रिकामे,
माझ्याकडे बघत.
घाबरलो म्हणावं तर नाही.
हात खिशात पट्टी शोधायला गेला.

डबे उघडेपर्यंत ठरलं ते एवढंच.
मोठी भट्टी आत्ता नको.
छोटी घ्यायची, अॅल्युमिनियमची,
चारांपैकी तीन चौकोनांत तरी पोटाला घालील अशी.
चौथ्याचं काय, ते कुणालाच सुचलं नाही.
पूर्वेची भिंत विटांची नको, पत्र्याची;
वाढवता यावी, नाहीतर काढता यावी.
आणि हजेरीवहीच्या मागच्या पानावर खुणा:
कोल्हापूरची ऑर्डर लागोपाठ दोन महिने निम्मी आली,
आयटीआयची पोरं इंजिनची तुकडी सोडायला लागली,
भंगारवाला घासाघीस न करता उठला,
तर वाळू पुन्हा सारखी करायची.

शेठनी कोटेशन फाडलं नाही.
परत खिशात घातलं. माणूस आहे.

दुसऱ्या दिवशी त्याच वाळूत साचे भरले,
चौकोन कुठल्या पंपाच्या पोटात गेले कुणास ठाऊक.
मी घरनं सागवानाची कोरी फळी आणली.
अॅल्युमिनियम बिडापेक्षा जास्त आकसतं,
फुटाला सव्वा सूत.
त्या पाव सुताशी हात कापायला लागला.
चष्मा पुसला, तरी तेच.
निंगाप्पाच्या पोराला हाक मारली:
"ये, रेघ तू मार.
मी फळी धरतो."