शेरा

महाप्यातल्या ऑफिसात, सातव्या मजल्यावर,
निरोगी तिवरं लाल दिसतात.
नवीन पोरांना हे आधी सांगावं लागतं:
लाल म्हणजे जिवंत.
फिकं पडलं की काळजी करायची.

उपग्रह दर पाच दिवसांनी येतो, सकाळी अकराच्या सुमारास.
खाली भरती की ओहोटी, तो विचारत नाही.
दहा मीटर बाय दहा मीटर, एवढाच त्याचा घास;
त्यात अर्धी तिवरं, पाव राबिट, उरलेल्यात पाणी,
सगळं कालवून तो एकच रंग देतो.
त्या रंगाला आम्ही 'विरळ' म्हणतो.

तळवलीच्या खाजणात असे एकशे बारा चौकोन निघाले.
पडताळणीला मी उतरले, गमबूट घालून, हातात जीपीएस.
पुढे चांगुणाबाय, अनवाणी, काष्टा गुडघ्याच्या वर.
माझा डावा बूट तिनं दोनदा उपसून दिला.

चौकोन क्रमांक सत्तेचाळीस.
नुसत्या उभ्या काड्या. श्वासमुळांना पिशव्या अडकलेल्या.
पलीकडे भरावाचा रस्ता,
त्याच्या पोटातला पाइप मातीनं बुजलेला.
एका काडीवर खंड्या बसला होता, त्याची नोंद होत नाही.
मी लिहिलं: ऱ्हास तीव्र, सन दोन हजार एकवीसपासून.
आलेख तिथंच तर घसरत होता.

"एकवीस?"
ती वळली.
"पानी येवाचा बंद झाला तवाच निवट्या गेल्या.
माझे नातीचा बारसा त्या साली.
पाला मंग पिवला झाला, दोन वरसांनी.
तुझे वरचे डोल्याला उशिरा समाजला."

नात आता दुसरीत आहे.
मी चिखलाच्या बोटांवर वर्षं मोजली.

तक्त्यात निवटीसाठी रकाना नव्हता.
क्षेत्रफळ होतं, वर्ग होता, वर्ष, अक्षांश, रेखांश,
आणि अगदी शेवटी शेरा, पन्नास अक्षरांपुरता.
रात्री त्यात लिहिलं:
निवट्या आधी गेल्या. पानं नंतर. चांगुणाबाय.

सोमवारी साहेबांनी फाइल उघडली.
त्यांच्या मशीनवर मराठी उमटत नाही.
माझ्या वाक्याच्या जागी
रिकामे चौकोन, एकाला एक लागून.

"हे काय? डेटा गेलाय का इथला?"

हो, म्हटलं.
एकोणीसलाच.