आठवं पोर्ट

इंजिनाचं डोकं बदलायचंय, मी म्हणालो.
बायको म्हणाली, इंजिनाचंच ना?

फेब्रुवारी. लायमा गावाच्या उत्तरेला, रुळांपलीकडे
ओडेट ब्रँडवोल्डचं मशिन शॉप.
मिठानं पांढरे झालेले बूट दारात आपटायचे, काढायचे नाहीत.
रात्रभर ओहायोचा बर्फ रस्त्याकडेला ढकलून
सकाळी सहाला मी इथं, डोळ्यांत झोप,
आणि बाकावर तीन डोकी ओळीनं.

डावीकडचं बिडाचं. माझं. नोव्हा घेतली तेव्हापासूनचं.
मधलं नवं, अ‍ॅल्युमिनियमचं;
जाहिरातीत त्याच्यामागे ज्वाळा होत्या.
उजवीकडचंही अ‍ॅल्युमिनियमच, पण पोर्ट लहान
आणि किंमत चारशे डॉलरनं कमी,
म्हणून माझ्या मनात ते मोजण्याआधीच हरलेलं.

ओडेट घाई करत नाही.
चेंबरच्या तोंडावर काच बसवते, कडेनं ग्रीस,
ब्युरेटमधून निळं स्पिरिट सोडते.
थेंब. थेंब.
शेवटचा बुडबुडा कोपऱ्यात दडून बसतो,
तो निघावा म्हणून ती डोकं तिरकं करते,
आधी स्वतःचं, मग इंजिनाचं.
चौसष्ट पूर्णांक दोन. दुसऱ्यात चौसष्ट पूर्णांक एक.
माझ्यात शहात्तर.
"यात सूप मावेल," ती म्हणते.

मग हवा. यंत्र घुमू लागतं,
खिडकीची काच थरथरते,
ती व्हॉल्व्ह हजारांश इंचानं उघडत जाते,
दोनशे, तीनशे, चारशे,
तिरप्या नळीत लाल रेघ चढते.
सहाशेवर मधलं दोनशे ऐंशी ओढतं.
मी टोपी काढतो.

"तुझा कॅम व्हॉल्व्ह किती उचलतो?"
चारशे साठ.
"म्हणजे दुमजली घर घेणार तू,
आणि जिना नाही."

चारशेवर लहान पोर्टवालं चारनं पुढे.
बोळातला वारा धावतो,
मैदानातला उभा राहून गप्पा मारतो.
"आणि जातोस कुठं गाडी घेऊन?"
सिग्नलपासून सिग्नलपर्यंत, मी कबूल करतो.
जुलैत एकदा ड्रॅग स्ट्रिपवर.
तिथं गेल्या साली मला हरवलं
तिसरीच्या वर्गशिक्षिकेनं, पिकअपमध्ये.

आता माझं लाव, मी म्हणतो.
"भंगार आहे."
लाव.

एकोणिसाव्या वर्षी घासली होती ती दोन डोकी,
रेनी ओबरहोल्टझरकडून उसना आणलेला ग्राइंडर,
आईच्या गॅरेजात, एक अख्खा पावसाळी मार्च.
नाकात बीड, रुमालावर काळं.
पहिल्या पोर्टात मी इतका आत शिरलो
की पाण्याच्या खोलीची भिंत नखाएवढी उरली.
कुणी सांगितलंच नव्हतं कुठं थांबायचं.

पहिलं : एकशे ऐंशी.
दुसरं, तिसरं तसंच. चौथं जरा बरं.
ट्रकमधून दुसरं डोकं आणतो, कुशीत,
गोठलेलं, वासराएवढं जड.
पाचवं. सहावं. सातवं दोनशे चार.
आठवं :
ओडेट नळी पुसते. पुन्हा लावते.
दोनशे सतरा.
ज्वाळावाल्याहून एकच कमी.

यंत्र बंद होतं. शांतता कानात शिट्टी वाजवते.
ती बोट आत घालते, वळणावरून फिरवते,
जिथं मी शेवटच्या रविवारी
बहुधा न बघताच घासत होतो.
"हे कुणी केलं?"
सांगताना जीभ अडते.
कारण त्यानंतर त्या पोराला
मी कधी ग्राइंडर हातात दिलाच नाही.

"एका सिलिंडरवर इंजिन चालत नाही, वेंडेल."
नाही चालत.
लहान पोर्टवाली जोडी घेतो, रोख,
उरलेल्या पैशांत गॅस्केटं, बोल्ट, बायकोला हीटर.

निघताना तिला खडू मागतो.
बिडावर, आठव्या भोकाच्या कडेला
आकडा लिहून ठेवतो.
थंडीत खडू नीट उमटत नाही,
सताला दोनदा गिरवावं लागतं.