कुठली घेऊ, लुद्का विचारते

बिदगोश्च. हीटरवर मोजे वाळतायत.
टेबलावर एकाच गोष्टीच्या तीन पेट्या:
व्हीएचएस, तिच्या स्टिकरवर बाबांचं तिरकं अक्षर;
डीव्हीडी, आवाज पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा;
आणि कालच आलेली ब्लू-रे,
जिच्या पाठीवर आकडेच आकडे.

लुद्काला लेकीसाठी घ्यायचीय. नॉर्वेतून विचारते,
कुठली घेऊ? तुझा कान चांगला.

अकरापासून हेडफोन लावून बसलेय.
एकच दृश्य, पुन्हा पुन्हा:
दीपगृहातली मुलगी जिना उतरते, दार उघडते. समुद्र.

ब्लू-रेवर तो डाव्या कानातून उजव्या कानात जातो,
मधे मी.
खालून तिसरी पायरी करकरते
हे मला अडतिसाव्या वर्षी कळलं.
नवा पोलिश डब: ज्याला त्याला आपापला आवाज,
सगळे नुकतेच दात घासून आलेले.

मग कॅसेट. आधी खरखर,
मग तो.
आमच्याकडे तेव्हा एकच माणूस सगळ्यांचं बोलायचा,
मुलीचं, आजीचं, देवमाशाचं,
उद्या अंशतः ढगाळ राहील अशा सुरात
माझं तुझ्यावर प्रेम आहे.
आणि त्याच्या आवाजाखाली, गादीखाली दडवल्यासारखी,
दुसरी एक भाषा.

ती जपानी, असं आम्ही दोघींनी ठरवून टाकलं.
पाठच केली.
शाळेत, कोट टांगायच्या खोलीत, तीच बोलायचो.
कुणाला कळायची नाही, म्हणून तर.

एकोणिसाव्या वर्षी, कारखान्यातल्या इंजिनिअरच्या बायकोला,
चिझुरू फुकामींना,
मी कमरेत वाकून एक वाक्य म्हणून दाखवलं.
त्या हसल्या नाहीत.
खूप वेळ विचार करून म्हणाल्या,
ही बहुतेक इटालियन असावी.

कॅसेट रोमवरून फिरून आली होती म्हणे.

आता दाराशी.
कॅसेटवर मुलगी समुद्राकडे बघून म्हणते: तोर्नेरो.
आणि वरून तो, कोरडाठाक: मी परत येईन.
लुद्का हेच ओरडली होती बसच्या खिडकीतून,
आमच्या जपानीत,
मासे कापायच्या नोकरीवर निघताना.
मी बस वळेपर्यंत हात हलवत होते.

जपानी ट्रॅक लावला. दार उघडतं.
मुलगी काहीच बोलत नाही.
मागे नेलं, आवाज वाढवला, डोळे मिटले.
वारा. साखळीची कडी. तिचा एक श्वास.
बस्स.
रोममध्ये कुणाला तरी ती शांतता बघवली नसणार.

दोन वाजलेत. लिहिते:
ब्लू-रे घे. आवाज उत्तम, तुलनाच नाही.
कॅसेटवर उंच स्वर फाटतात,
शेवटी शेवटी तर तो पान उलटतो तेही ऐकू येतं.

दाराचं लिहिलं, खोडलं.
परत लिहिलं: दाराशी आलात की
आवाज बंद कर जरा. तिथलं तू सांग तिला.

पाठवलं. मग कॅसेट उलटी फिरवून ठेवली,
बाबा ठेवायचे तशी, सुरुवातीला आणून.