उताणा कप

रात्री पावणेदोनला मी जिना उतरते,
चपला हातात घेऊन,
सत्तरीतली चोरटी,
आणि आपल्याच घरचा डिशवॉशर उघडते.

इर्मट्राउट भांडी लावत नाही, कोंबते.
सुपाच्या थाळ्या एकमेकींच्या कुशीत,
लहानपणी एका पांघरुणात आम्ही झोपायचो तशा.
दोघींच्या मधे पाणी शिरत नाही
आणि सकाळी दोघींच्या पाठीला
अंड्याचा बलक तसाच.
मी त्यांना एकेक दात सोडून उभं करते,
तोंडं मधोमध, फवारा येतो तिकडे.
लांब कालथा खालच्या पात्याला अडतो.
तो वर, आडवा.
मग बोटानं पातं फिरवून बघते, खालचं, वरचं.
कुठे ठक् वाजलं नाही तर ठीक.

सुऱ्या तिनं टोकं वर करून ठेवलेल्या.
त्र्याऐंशी साली शेजारचा लुट्स
चमचा उचलायला म्हणून या उघड्या दारावर वाकला.
पाच टाके.
रक्त मी पुसलं, ती तेव्हा बाम्बर्गला होती.
टोकं खाली करते.
लाकडी मुठीची सुरी मात्र बाहेर, हातानं धुते.
आईची आहे. लाकूड उकललं
की त्याला कुठला टाका?

आता त्याच लुट्सची नात येते रविवारी.
साबणाच्या रंगीत वड्या तिला खाऊ वाटतात.
वरच्या कपाटात. कुलूप.

व्युर्झबुर्गचं पाणी चुनखडीतून येतं,
द्राक्षांना मानवतं, काचेला नाही.
म्हणून तळाच्या भोकात मीठ, यंत्राचं, जाडं.
एकदा तिनं जेवणातलं ओतलं, अख्खी बरणी,
वर मलाच म्हणाली, मीठ ते मीठ.
जाळी दर गुरुवारी मी धुते.
लिंबाच्या बिया, काचेचा कपचा,
आणि एकदा तिच्या कानातला हिरवा खडा,
जो मी ढापला असं ती तीन आठवडे धरून होती.

तिचा नियम एकच, आणि तो बरोबर आहे:
झोपलेल्या घरात यंत्र चालवायचं नाही.
ती उठते साडेपाचला, तेव्हा ते सुरू होतं.

पण तो कप.
वरच्या कप्प्यात, डाव्या कोपऱ्यात,
निळ्या काठाचा, रोज उताणा.
बाकी सगळे पालथे, हा एकटा छताकडे आ करून.
नऊ वर्षं सांगते आहे.
पालथ्या घड्यावर पाणी.
आणि इथे तर, बाई,
पालथ्यावरच पाणी पडायला हवं असतं!
मी तो उलटा करते, दार लावते, झोपायला जाते.

गेल्या शुक्रवारी मला ताप. उतरलेच नाही.
सकाळी दारावर धडक,
इर्मट्राउट, एका पायात चप्पल,
हातात तो कप, राखाडी पाण्यानं भरलेला,
बावीस पायऱ्यांवर सांडत आलेला.
«आहेस,» ती म्हणाली.
मी म्हटलं, खालचा कप्पा आधी रिकामा केलास ना?
नाहीतर वरच्या कपातलं पाणी कोरड्या थाळ्यांवर...
«आहेस,» पुन्हा. पलंगाच्या कडेला टेकली.
बराच वेळ श्वास जागेवर येईना.
«तो पालथा दिसला की मगच मी कॉफी टाकते,»
खिडकीकडे बघत म्हणाली.
«वर हाक पोचत नाही. गुडघे हे असे.»

कप तिच्या हातातून मी घेतला.
तळाशी कांद्याची एक पात बसली होती.

तिसऱ्या रात्री खाली गेले.
मनात आलं, आता सगळं नीट लावलेलं असेल,
म्हणजे इतकी वर्षं सगळं मुद्दामच होतं.
छे.
थाळ्या कुशीत, सुऱ्या टोकं वर,
कालथा पात्याला अडलेला.
तिला खरंच येत नाही.

एकेक करून सगळं लावलं.
कप शेवटी.