पंच्याण्णव टक्के

पूल ओलांडला की देश बदलतो,
बाटलीवरचा आकडाही.
इकडे ग्योर्लिट्झमध्ये औषधवाला विचारतो, कशाला हवंय?
आणि बोटभर कुपीचे केवढे पैसे लावतो.
नदीपलीकडे, बोझेनाच्या दुकानात,
ते साखरेशेजारीच उभं असतं,
अर्धा लिटर, पंच्याण्णव टक्के.

पहिल्यांदा बोझेना म्हणाली, चेरी मुरवताय? बिया काढू नका.
दुसऱ्यांदा काहीच म्हणाली नाही.
तिसऱ्यांदा तिनं इर्मट्राउटच्या हाताकडे पाहिलं
(थरथरतो तो, सत्तरीचा आहे)
आणि पिशवीत न मागता एक पाव टाकला.
काहीतरी खात जा, बाई.

इर्मट्राउटला आधी कळलंच नाही.
मग कळलं, आणि कान तापले.
पर्समधली कुपी काढून तिनं
बोझेनाच्या मनगटावर दोन थेंब टेकवले:
लिंडनचा मोहर, पाइनचा डिंक,
सहा आठवडे अंधारात, रोज एकदा हलवून.

बोझेनानं हुंगलं. नुसतं झोंबलं, डोळ्यांत पाणी.
थांबा, त्याला जाऊ द्या.
गेलं ते.
जाण्यासाठीच तर आणायचं असतं.

मग बराच वेळ बोझेना
मनगट नाकाशी धरून उभी;
मागे दोन गिऱ्हाइकं खोकली.
पावाचे पैसे मात्र
तिनं घेतले नाहीत.